आमच्या गाडीचं पेट्रोल कोण पीत होतं

आमच्या घरातली माणसं शिंकत शिंकतच मोठी झाली. उचगावात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चटणी कुटायचा डंक होता आणि त्याला लागूनच आमचं राहतं घर. दोन्हींच्या मध्ये एक पत्र्याचं दार, ते कधीही नीट लागायचं नाही. उन्हाळा लागला की भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरं, लसूण असा सगळा ऐवज डब्यांत भरून बायका सकाळपासून ओळीनं बसायच्या, आणि डंकाची लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड पडत राहायची. त्या आवाजात कुणाला काही सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागे. त्यामुळे आम्ही आजही कानात सांगायला गेलो तर ते शेजारच्या गल्लीत ऐकू जातं. लग्न झाल्यावर सुरुवातीला आमचे यजमान फार जपून वागायचे. पुढं कधीतरी कळलं की, मी साधं 'चहा घेता का' विचारलं तरी बाईसाहेब चिडल्यात असं त्यांना वाटायचं.

डंकाशेजारच्या छपरात आमची गाडी उभी असे. पांढरी, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पण गल्लीतली एकुलती एक, त्यामुळे तिचा तोरा नव्या नवरीसारखा. वऱ्हाडाला, बाळंतिणीला माहेरी पोचवायला, देवदर्शनाला ती भाड्यानं जायची. ती घ्यायला लावली आक्कानं. आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी आत्या. नवरा लवकर गेला, तशी ती भावाकडं आली आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिच्या हातात गेला. दादा तिच्यापुढं बोलत नसत. आई बोलायची, पण 'वन्सं, भाजी काय करू' एवढंच. आक्का वाईट नव्हती. फक्त तिला वाटलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फरक असू शकतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

गाडी चालवायचा किसनमामा. हा आईचा धाकटा भाऊ, कोडोलीचा. आईनं दबकत विचारलं आणि आक्कानं मोठ्या मनानं होकार दिला, म्हणून तो आमच्याकडं राहायला आला. मामा आला आणि घरात हसणं आलं. सकाळी गाडी पुसताना तो गाडीशी गप्पा मारायचा. मला शेजारच्या सीटवर बसवून म्हणायचा, "सुमे, ब्याग धरून बसू नगंस, इंजान ऐक. गानं ऐकतीस तसं ऐक." कॉलेजात मी काय शिकले ते आता फारसं आठवत नाही, पण गिअर कधी बदलावा हे आवाजावरून ओळखायला त्यानं शिकवलं ते अजून विसरले नाही. आमचा नातू गाडी चालवतो तेव्हा समोरच्या पडद्यावर आकडे बघत असतो. मी मागं बसून आवाज ऐकते आणि 'आता बदल' म्हणते. त्याची गाडी आपोआप गिअर बदलते, हे तो मला दर वेळी नव्यानं सांगतो.

रविवारी गाडीला भाडं घ्यायचं नाही, असा आक्काचा नियम. रविवार जोतिबाचा. त्या दिवशी घरात मटण नाही. ते बुधवारी, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासकट. रविवारी सकाळी आंघोळी करून आम्ही सगळी डोंगरावर जायचो. दर्शन झालं की बाकीची मंडळी भजी-चहाकडं वळायची आणि आक्का एकटी गाडीकडं जायची. बॉनेट आधीच उघडून ठेवायला लावलेलं असायचं, मग ती इंजिनाची पूजा करायची. तिनं गुरवाकडून एक दोराही आणला होता. इंजिनाच्या डोक्यावर जो गोल डबा असतो, त्याच्यावरून तो दोरा तिनं आवळून बांधला, गाठीवर कुंकू लावलं आणि सांगून ठेवलं, "ह्येला कुनी हात लावायचा न्हाय. देवाचा हाय." कुणी लावलाही नाही. आमच्याकडं माणूस नास्तिक असला तरी जोतिबाच्या दोऱ्याच्या वाटेला जात नाही.

कधीपासून ते आता सांगता येणार नाही, पण गाडीची ओढ गेली. केर्लीपासून डोंगराचा चढ लागतो. तिथं पूर्वी मामा गुणगुणत जायचा. आता गाडी आधी कुरकुरायची, मग दम टाकायची, आणि शेवटी पहिल्या गिअरमध्ये येऊन कशीबशी सरकायची. एकदा गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी आमच्या बरोबरीनं चालत होती. तिनं खिडकीतून आत बघितलं आणि विचारलं, "पावणं, उतरून ढकलायची का वाईच?" मामा मनापासून हसला, पण आक्काचं तोंड कडू झालं. आणि ओढ गेली तशी भूक वाढली. पेट्रोल भरावं आणि दोन भाड्यांत काटा खाली यावा. ॲव्हरेज असं पडलं की गाडी घरी उभी असलेलीच परवडावी.

मामानं त्याच्या परीनं सगळं बघितलं. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला, सकाळी कोरडा. म्हणजे पेट्रोल गळत नव्हतं. टायरांत हवा बरोबर होती. सपाट रस्त्यावर गिअर काढून गाडी सोडून दिली तर छान पळत गेली, मग उतरून मला म्हणाला, "चाकाला हात लाव, गरम लागतंय का?" नव्हतं लागत. म्हणजे ब्रेकही धरत नव्हते. प्लग काढून बघितले तर ते चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट. नवे घातले. चार दिवस बरे गेले आणि तेही काळे. मामाचं हसणं कमी झालं. गाडीनं आपल्याला फसवल्यासारखं त्याला वाटत होतं.

आणि मग तो दिवस आला. भर हंगाम, डंकावर बायकांची गर्दी, मुसळं जोरात. आक्का दादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून काहीतरी सांगत होती. तेवढ्यात लाइट गेली. मुसळं जागच्या जागी थांबली, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत आक्काचं वाक्य मोकळंढाकळं सगळ्यांच्या पुढ्यात येऊन पडलं, "पेट्रोल काढून इकतोय त्यो किसन!"

एक बाई शिंकली, तेवढाच आवाज. आक्काला हे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, हे मला आज कळतं. पण तोंडातून गेलेला शब्द माघारी घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "बघताय काय? खरं त्ये बोलले," असं म्हणून ती आत निघून गेली. आई पत्र्याच्या दारात उभी होती. मामा छपरात बॉनेटवर वाकलेला होता, त्यानंही ऐकलं. तो आला, हात पुसले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि आईला म्हणाला, "ताई, जातो." त्यानं आपली वळकटी घेतली आणि कोडोलीची एस.टी. धरली. जेवूनही गेला नाही.

नुसतं एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण मामाचं लग्न ठरत आलं होतं. वारणा नदीच्या पलीकडच्या गावातली मुलगी, दोघांनी एकमेकांना बघितलेलं, दोघांनाही पसंत. नुसती सुपारी फुटायची राहिली होती. मिरच्या घेऊन बसलेल्या बायकांना सगळीकडं लेकी-सुना असतात. चटणी घरी पोचायच्या आधी बातमी वारणेपलीकडं गेली. मुलीच्या वडिलांचा निरोप आला, 'जरा थांबू.' आमच्या भागात 'जरा थांबू'चा अर्थ काय होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आई तो निरोप ऐकून भाकरी थापत राहिली. भाकरीवर टिपं पडत होती आणि ती थापतच होती.

त्या दिवसापासून आईनं आक्काशी बोलणं बंद केलं. समोरासमोर बसलेल्या असायच्या, आणि आई मला म्हणायची, "सुमे, तुझ्या आत्याला सांग, ताट वाढलंय." आक्का म्हणायची, "सुमे, तुझ्या आईला सांग, मला ऐकाय येतंय." मी दोघींच्या मध्ये. दादा जेवताना मान वर करीत नसत. मला आक्काचा इतका राग आला होता की तिच्या चहात साखरेऐवजी मीठ घालावं असं रोज मनात यायचं. घातलं मात्र नाही. आक्काला चव कळली असती.

मामाच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला. पेट्रोल तेवढंच जायला लागलं. आक्का म्हणाली, "ह्योबी चोरच!" त्याला काढला. मग दादा स्वतः चालवायला बसले. पेट्रोल तेवढंच! आता आक्कानं आपल्या सख्ख्या भावाला चोर म्हणायचं, नाहीतर गाडीला आजारी म्हणायचं, एवढ्या दोनच वाटा उरल्या. तिनं तिसरी काढली. ती गप्प बसली. पण तिच्या गप्प बसण्यानं मामाचं लग्न होणार नव्हतं. वारणेपलीकडच्या माणसांना दाखवायला काहीतरी हातात हवं होतं.

म्हणून एका सकाळी दादांनी गाडी पुन्हा एकदा दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला न्यायची ठरवली, तेव्हा आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि मलाही घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. "तू कुठं?" दादा म्हणाले. "येनार हाय," आई म्हणाली. गॅरेजात बाईमाणूस जात नसे. दस्तगीर मिस्त्रींनी घाईघाईनं एक स्टूल पुसून दिलं. आई त्यावर बसली नाही, गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. मिस्त्रींनी इंजिन चालू करून पाय दाबला तसा मागून काळा धूर आला, थेट तिच्या तोंडावर. ती खोकली आणि पुढं आली.

"मिस्त्री, धूर काळा का येतोय?"

"वहिनी, पेट्रोल जास्त आन हवा कमी. नीट जळत न्हाई. म्हणून वडत न्हाई, म्हणून पेट्रोल खाती. कार्बोरेटर दोनदा साफ केला म्या. त्येच्यात काय न्हाई."

"मग हवा कमी का? कुठनं येती ती?"

मिस्त्रींनी बोट दाखवलं. इंजिनाच्या डोक्यावरचा गोल डबा. "ह्यातनं. आत कागदाची जाळी असती, हवा गाळून घ्यायला. बाहेर ह्यो नळीवानी निघालाय न्हवं, त्ये त्येचं तोंड."

"मग उघडून बघा की."

मिस्त्रींनी दादांकडं बघितलं. दादांनी जमिनीकडं बघितलं. "दोरा हाय की वहिनी," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "आमची आईबी डोंगरावरचा गुलाल लावती कपाळाला. मी न्हाई त्यो तोडनार." म्हणजे इतके दिवस सगळ्यांनी गाडीचा सगळा देह तपासला होता, तेवढा एक डबा सोडून. मामानंसुद्धा. चोरीचा आळ त्यानं अंगावर घेतला, पण देवाच्या दोऱ्याला हात लावला नाही.

"आक्काला इचारून मग—" दादा म्हणाले.

"माझ्या भावाला इचारलं हुतं का कुनी?" आई म्हणाली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तिनं पायांतल्या चपला काढल्या, इंजिनाला हात जोडले आणि मिस्त्रींच्या फळीवरचं पातं घेऊन दोरा कापला. खाली पडू दिला नाही. माझ्यापुढं मनगट केलं आणि म्हणाली, "बांध." मी बांधला.

मिस्त्रींनी डब्याचं झाकण काढलं आणि आम्ही सगळे आत वाकलो. आत सगळं गुलाबी होतं. जाळीच्या एकूण एक घड्या गच्च भरलेल्या, वर थर बसलेला. "चटणी!" दादा म्हणाले. "डंकावरची उडून गेली वाटतं."

"आपली चटनी असती तर एवढ्यात सगळी शिंकून मेली असती," आई म्हणाली. मिस्त्रींनी डब्याच्या कडेला बोट घालून काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं. खोबऱ्याचा तुकडा. मग अजून एक. मग बरेच. मिस्त्रींचा मदतीला आलेला भाऊ म्हणाला, "उंदरानं आणलं आसंल." मिस्त्री म्हणाले, "उंदीर खोबरं आणंल. गुलाल कुठनं आणंल?" त्यांनी जाळी जमिनीवर आपटली तसा असा गुलाल उडाला की गॅरेजात जत्रा भरल्यासारखी झाली. दादा गुलाबी, मिस्त्री गुलाबी, मी गुलाबी. आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला धरलं. मला इतका आनंद झाला होता की मी मिस्त्रींनाही मिठी मारली असती.

नवी जाळी घातली आणि दादांनी गाडी रस्त्यावर काढली. पाय ठेवल्याबरोबर ती अशी पळाली की दादांनी घाबरून ब्रेक मारला.

घरी आलो तेव्हा आक्का ओसरीवर लसूण सोलत होती. आमची गुलाबी तोंडं बघून ती म्हणाली, "मला सोडून डोंगरावर गेलतासा व्हय?" आईनं जुनी जाळी तिच्या पुढ्यात ठेवली आणि खोबऱ्याचे तुकडे त्यावर ठेवले. आक्कानं जाळी उचलली. वास घेतला.

"तोंड हाय म्हनून घातलं," ती म्हणाली. "देवाचा परसाद कपाळाला लावून कसं भागंल? पोटात जायाला पायजे. एवढा चढ चढती बिचारी. दर रव्वारी मूठभर गुलाल-खोबरं घालत हुते." मग तिनं दादांकडं, माझ्याकडं बघितलं, आईकडं मात्र तिला बघवलं नाही. "म्हंजे त्या पोरानं..." एवढं बोलून ती थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. आक्काला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळा राग घेऊन बसलेली मी, मलाही भरून आलं.

आई म्हणाली, "सुमे, तुझ्या आत्याला इचार, किसनकडं कोडोलीला यायचं का."

"कोडोलीला जाऊन काय करू?" आक्का म्हणाली. "किसनला ठावं हाय त्येनं घेतलं न्हाय त्ये. त्येला सांगून काय हुनार? ज्यास्नी ठावं न्हाय त्येंच्याकडं चला." आक्काची ही गोष्ट मला आजही थोर वाटते. माफी मागायची तर सोप्या माणसाकडं नाही, अवघड माणसाकडं जायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वारणा ओलांडली. मुलीचे वडील घराच्या पुढच्या सोप्यात तंबाखू मळत बसले होते. त्यांनी 'या पावणं' म्हटलं, पण त्यात जीव नव्हता. आत दाराआड बांगड्या वाजल्या. मुलगी ऐकत होती. पाणी यायच्या आधीच आक्कानं सुरुवात केली. बसलीही नाही. तिचा आवाज डंकावर तयार झालेला. शेजारची माणसं अंगणात गोळा झाली.

"पावणं, किसन पेट्रोल इकतोय असं मी बोलले. चारचौघांत बोलले. त्ये खोटं हुतं. गाडीच्या नाकात गुलाल मी कोंबला, पेट्रोल त्येनं गेलं. पोरगं सोनं हाय. चोर म्हनायचं तर मला म्हना."

मुलीच्या वडिलांनी तंबाखू मळायची थांबवली. "तुमी पोराच्या कोन?"

"त्येच्या भैनीची नणंद."

ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं ए, च्याचं आधन ठेव. नणंद भावजयीच्या भावासाठनं नदी वलांडून आली. ह्येच्या म्होरं पुरावा कसला बघायचा?" अंगणातली माणसं हसली, दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या, आणि आक्का मात्र अजिबात न हसता बाजल्यावर बसली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. "वन्सं, पानी घ्या," ती म्हणाली. माझ्यामार्फत नाही, थेट.

येताना कोडोलीत थांबलो. मामा गोठ्यात होता. दादांनी सगळं सांगितलं. आक्कानं त्याच्यापुढं किल्ली धरली आणि काही बोलायला गेली, तर त्यानं तिला बोलू दिलं नाही. वाकून पाया पडला. मग गाडी त्यानं घेतली. मी पुढं त्याच्या शेजारी, मागं दादा, आक्का आणि आई. रस्ता मोकळा होता आणि मामा बैलगाडीसारखी हळू चालवत होता. आक्काला कसं राहवेल?

"किसन, आता वडती की गाडी! मग रेंगाळतुयास का असा?"

मामानं आरशात बघितलं. मीही मागं वळून बघितलं. आई खिडकीपाशी बसली होती, आक्काच्या मांडीवर हात टाकून, आणि कशाला तरी हसत होती.

"आक्का," मामा म्हणाला, "माझी ताई लई दिसांनी हसतीया. घर आलं की सैपाकाला लागंल."